सुप्त गाठ, घातक गाठ: आहारातील स्निग्धांश आणि प्रोस्टेटचा कर्करोग



स्निग्ध पदार्थ खाल्ल्याने प्रोस्टेटचा कर्करोग होतो का, हा प्रश्न वैद्यकाला निदान पन्नास वर्षे छळतो आहे. या काळात ‘हो’ म्हणणारे अभ्यास निघाले, ‘नाही’ म्हणणारे त्याहून मोठे अभ्यास निघाले आणि वर्तमानपत्रांनी दोन्ही सारख्याच ठळक अक्षरांत छापले. वाचकाने त्यातून एवढाच बोध घेतला की शास्त्रज्ञांचे काही खरे नसते. मला वाटते, दोष उत्तरांपेक्षा प्रश्नात आहे. तो दोन निराळ्या घटनांना एकाच नावाखाली बांधतो. ग्रंथीतल्या काही पेशी बिघडणे ही एक घटना; त्या बिघडलेल्या पेशींनी पुढे ग्रंथीचे आवरण ओलांडून हाडांपर्यंत पोचणे ही दुसरी. दोहोंमध्ये काही दशकांचे अंतर असू शकते आणि बहुसंख्य पुरुषांच्या बाबतीत दुसरी घटना घडतच नाही. आहारातल्या स्निग्धांशाचा पहिल्या घटनेशी फारसा संबंध दिसत नाही. दुसरीशी मात्र तो असावा, असे मानायला चांगली कारणे आहेत. ही कारणे आणि त्यांच्यावर घेतले जाणारे आक्षेप मी आज आपल्यापुढे ठेवणार आहे.

सुरुवात शवविच्छेदनापासून करावी लागते. प्रोस्टेट ही मूत्राशयाच्या खाली, मूत्रमार्गाला वेढून असलेली अक्रोडाएवढी ग्रंथी. १९३५ मध्ये बाल्टिमोरच्या जॉन्स हॉपकिन्समधील विकृतिशास्त्रज्ञ अर्नोल्ड राइस रिच यांनी इतर कारणांनी मरण पावलेल्या, पन्नाशी उलटलेल्या पुरुषांच्या ग्रंथी तपासल्या. सुमारे १४ टक्के ग्रंथींत कर्करोगाचे बारीक पुंजके सापडले. त्या माणसांना जिवंतपणी त्यांचा पत्ताही नव्हता. पुढे तपासणी जितकी बारकाईने होऊ लागली, तितके हे प्रमाण वाढत गेले. १९९३ मध्ये डेट्रॉइटमधल्या वाएल सक्र आणि सहकाऱ्यांनी तरुणांच्या ग्रंथी पाहिल्या, तेव्हा तिशीतल्या पुरुषांपैकी २७ टक्के आणि चाळिशीतल्यांपैकी ३४ टक्के ग्रंथींत असे सूक्ष्म पुंजके आढळले. गोरे आणि कृष्णवर्णीय पुरुष यांच्यात या बाबतीत मोठे अंतर नव्हते; अमेरिकेत या रोगाने होणारे मृत्यू मात्र कृष्णवर्णीयांमध्ये सुमारे दुप्पट आहेत. म्हणजे रोगाचा आरंभ सारखा आणि शेवट वेगळा. १९७७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका आंतरराष्ट्रीय अभ्यासात सिंगापूर, हाँगकाँग, युगांडा, इस्राएल, स्वीडन, जमैका आणि पश्चिम जर्मनी या सात ठिकाणच्या ग्रंथी एकाच पद्धतीने तपासल्या गेल्या. अगदी लहान सुप्त गाठींचे प्रमाण सगळीकडे जवळपास सारखे निघाले. मोठ्या सुप्त गाठींचे प्रमाण मात्र त्या त्या देशात प्रत्यक्ष रोगाचे प्रमाण जसे होते, तसे बदलत गेले. इतक्या जुन्या अभ्यासाकडे मी पुन्हा पुन्हा वळतो, कारण माझा बराचसा युक्तिवाद त्या एका तक्त्यात आहे.

याला छेद देणारा पुरावाही इथेच सांगितला पाहिजे. २०१३ मध्ये रशियन आणि जपानी पुरुषांच्या शवविच्छेदनांची तुलना प्रसिद्ध झाली. सुप्त कर्करोगाचे प्रमाण रशियनांत ३७.३ टक्के आणि जपान्यांत ३५ टक्के, म्हणजे अपेक्षेप्रमाणे जवळजवळ सारखे. परंतु जपान्यांच्या गाठींत आक्रमक दिसणाऱ्यांचा वाटा जास्त होता. कमी चरबी खाणाऱ्या समाजात गाठी सौम्य राहतात, असे म्हणणाऱ्याला हे अडचणीचेच आहे. त्या पाहणीतले जपानी पुरुष वयाने मोठे होते आणि ज्या जपानचे उदाहरण आपण देतो, तो जपानही आता उरलेला नाही. महायुद्धानंतरच्या वर्षांत तिथल्या आहारातले दहा टक्क्यांहूनही कमी उष्मांक स्निग्धांशातून येत. शतक संपेपर्यंत हा वाटा पंचवीस टक्क्यांच्या घरात गेला. या दोन गोष्टींनी अडचण सौम्य होते, संपत नाही.

सुप्त रोग सगळीकडे सारखा, तर मृत्यू इतके वेगळे का? १९७५ मध्ये ब्रूस आर्मस्ट्राँग आणि रिचर्ड डॉल यांनी अनेक देशांतले कर्करोगाचे आकडे तिथल्या आहाराशेजारी मांडून पाहिले. प्रोस्टेटच्या कर्करोगाने होणारे मृत्यू आणि दरडोई स्निग्धांश यांच्यात ठळक संबंध दिसला. अशा तक्त्यांवरचा आक्षेप उघड आहे आणि खुद्द लेखकांनाही तो माहीत होता. ज्या देशात लोणी जास्त खाल्ले जाते, तिथे मोटारी जास्त असतात, साखर जास्त खाल्ली जाते, माणसे जास्त जगतात आणि डॉक्टरही जास्त असतात. देशांच्या सरासऱ्यांवरून माणसाच्या शरीराविषयी निष्कर्ष काढता येत नाही. म्हणून स्थलांतरितांचा पुरावा अधिक मोलाचा. तिथे वंश तोच राहतो आणि ताट बदलते. अमेरिकेत गेलेल्या जपान्यांच्या मृत्यूंचा हेन्झेल आणि कुरिहारा यांनी १९६८ मध्ये केलेला अभ्यास प्रसिद्ध आहे. पण मला त्याहून १९९१ मधला लॉस एंजेलिसचा अभ्यास महत्त्वाचा वाटतो. त्यात असे दिसले की जपानहून प्रौढ वयात आलेल्या पुरुषांतही प्रोस्टेटच्या कर्करोगाचे प्रमाण मायदेशापेक्षा खूप वर गेले होते. पोटाच्या कर्करोगाचे तसे नाही. त्याची दिशा बरीचशी बालपणीच ठरते. प्रोस्टेटच्या बाबतीत उतारवयातले राहणीमानही परिणाम करू शकत असेल, तर ते काम रोगाच्या नंतरच्या टप्प्यावर होत असले पाहिजे.

आता मोठा आक्षेप. युरोपातल्या ‘एपिक’ या प्रचंड अभ्यासात १,४२,५२० पुरुषांचा आहार नोंदवून त्यांच्यावर अनेक वर्षे लक्ष ठेवले गेले. २००८ मध्ये निष्कर्ष आला की एकूण स्निग्धांश, संपृक्त किंवा असंपृक्त, कशाचाही प्रोस्टेटच्या कर्करोगाशी संबंध नाही. बऱ्याच जणांनी हा विषय तिथेच मिटवला. पण मधल्या काळात पीएसए ही रक्तचाचणी आली होती. अमेरिकेत १९८६ मध्ये ती आधीच निदान झालेल्या रुग्णांसाठी मंजूर झाली आणि १९९४ मध्ये रोग शोधण्यासाठी. या चाचणीमुळे होणाऱ्या बायॉप्सीत रिच आणि सक्र यांना मृतदेहांत दिसलेले पुंजके जिवंत माणसांत सापडू लागले. किती? फिनास्टेराइड या औषधाच्या अमेरिकेतील चाचणीत नुसती साखरेची गोळी घेणाऱ्या ज्या पुरुषांची तपासणी पूर्ण झाली, त्यांच्यापैकी २४.४ टक्क्यांना कर्करोग निघाला. त्यात रक्तचाचणी नॉर्मल असूनही केवळ चाचणीच्या नियमाप्रमाणे बायॉप्सी झालेले पुष्कळ होते. असे रोगी आणि हाडांत पसरलेला रोग घेऊन येणारे रोगी एकाच रकान्यात घातले, तर बहुसंख्य सौम्य रोग्यांच्या गर्दीत घातक रोगाचे कारण बुडून जाणारच. आरंभाशी स्निग्धांशाचा संबंध नाही, हे एपिकने दाखवले असे मी म्हणेन. माझ्या मांडणीला ते पूरकच आहे.

इथे चिकित्सक श्रोता म्हणेल, ही तर पळवाट झाली. पुरावा विरुद्ध गेला की सिद्धान्ताची व्याख्या बदलायची. आक्षेप रास्त आहे, पण क्रम पाहा. प्रगत रोगाशीच संबंध आहे, ही गोष्ट एपिकच्या कितीतरी आधी, १९९३ मध्ये पुढे आली. एडवर्ड जोव्हानुची आणि सहकाऱ्यांनी अमेरिकेतल्या ४७,८५५ आरोग्य व्यावसायिकांच्या पाहणीत दाखवले की सर्वाधिक स्निग्धांश खाणाऱ्यांना प्रगत कर्करोगाचा धोका सर्वांत कमी खाणाऱ्यांपेक्षा जवळपास ८० टक्क्यांनी जास्त होता. सगळे रोगी एकत्र धरले की संबंध विरळ होत होता. तो अभ्यास लहान होता. त्यात प्रगत रोगाचे रुग्ण सव्वाशेच्या आसपासच होते. पण वीस वर्षांनी, २०१३ मध्ये, २,८८,२६८ पुरुषांच्या दुसऱ्या अमेरिकी अभ्यासात पुन्हा तशीच विभागणी दिसली. एकूण स्निग्धांशाचा एकूण रोगाशी संबंध नव्हता, संपृक्त स्निग्धांशाचा प्रगत रोगाशी होता. परिणाम छोटा आहे आणि तो फुगवून सांगू नये. शिवाय आठवणीतून भरलेल्या प्रश्नावलीत माणूस आपण किती तळलेले खातो, हे खरे सांगतो यावर माझा विश्वास बेताचाच आहे. त्यामुळे निव्वळ अशा पाहण्यांवर विसंबून मी हे व्याख्यान दिले नसते.

विश्वास वाढतो तो पेशीच्या आत डोकावल्यावर. निरोगी प्रोस्टेटच्या पेशी शरीरातल्या इतर पेशींहून वेगळ्या वागतात. त्या जस्त साठवतात. हे जस्त अ‍ॅकोनिटेज या विकराला अडवते, त्यामुळे पेशीतले सायट्रेट पुढे जळत नाही; ते वीर्यद्रवात सोडले जाते. ऊर्जेच्या हिशेबात हा तोट्याचा व्यवहार आहे, पण ग्रंथीचे कामच ते. मेरीलँडमधल्या कोस्टेलो आणि फ्रँकलिन यांनी आयुष्यभर या एका गोष्टीचा पाठपुरावा केला. पेशी कर्करोगाकडे झुकू लागली की तिच्यातले जस्त घटते आणि अडकून राहणारे सायट्रेट तिला वापरायला मिळते. त्यातून ऊर्जा मिळते, आणि त्यातूनच नवी मेदाम्लेही बांधता येतात. मेदाम्ले बांधणारा फॅटी अ‍ॅसिड सिन्थेज हा विकर कर्करोगपूर्व विकृतीतच वाढलेला दिसतो. उघड गाठ तयार होण्याची तो वाट पाहत नाही. पुष्कळसे कर्करोग ग्लुकोजवर चालतात, म्हणून ग्लुकोज वापरून केलेल्या पेट-स्कॅनमध्ये ते उजळून दिसतात. प्रोस्टेटचा सुरुवातीचा कर्करोग त्या स्कॅनमध्ये बहुधा नीट दिसत नाही, कारण त्याची भूक साखरेपेक्षा मेदाम्लांची आहे.

आणखी एक विकर फार बोलका आहे. अल्फा-मिथाइलअ‍ॅसिल रेसिमेज हा विकर प्रोस्टेटच्या कर्करोगात मोठ्या प्रमाणात वाढतो, हे २००२ च्या सुमारास स्पष्ट झाले. आज बायॉप्सीत शंका आली की जगभरचे पॅथॉलॉजिस्ट याच विकराला रंग चढवून पाहतात. त्याचे नेहमीचे काम फांद्या असलेली मेदाम्ले जाळण्याजोगी करून देणे. आहारातून येणारे असे प्रमुख मेदाम्ल म्हणजे फायटॅनिक आम्ल. रवंथ करणारी जनावरे गवतातल्या हरितद्रव्यापासून ते तयार करतात. त्यांच्या मांसातून आणि दूध, लोणी, तुपातून ते आपल्यापर्यंत येते. तेव्हा कर्करोगपेशीच्या आत एक विशिष्ट स्निग्धांश जाळण्याची यंत्रणा सज्ज असते, आणि तो स्निग्धांश येतो ताटातून. गोष्ट इतकी नीटनेटकी आहे की तिच्यापासून सावध राहावे. रोगाची खूण रोगाचे कारण असतेच असे नाही, आणि रक्तातले फायटॅनिक आम्ल मोजणाऱ्या अभ्यासांची उत्तरे एकमुखी नाहीत. तुपावर खटला भरण्याइतका पुरावा त्यातून मिळत नाही. मिळते ते एवढेच की या रोगाचे चयापचय सुरुवातीपासून स्निग्धांशाभोवती फिरते.

यावर उलटा आक्षेप येतो. पेशी स्वतःच मेदाम्ले बनवत असेल, तर ताटातल्या चरबीचे महत्त्व काय राहिले? उत्तर असे की ती दोन्ही मार्ग वापरते. सीडी-३६ हे प्रथिन पेशीच्या पृष्ठभागावर राहून बाहेरची मेदाम्ले आत ओढते. २०१९ मध्ये ऑस्ट्रेलियातील संशोधकांनी दाखवले की मानवी गाठी तशा मेदाम्ले आत घेतात आणि हे प्रथिन अडवले की प्रायोगिक गाठींची वाढ मंदावते.

उंदरांवरच्या प्रयोगांकडे सामान्यतः संशयाने पाहिले जाते आणि ते बरोबरही आहे. परंतु इथे उंदराचा एक दोष आपल्या उपयोगी पडतो. उंदराला आपणहून प्रोस्टेटचा कर्करोग जवळजवळ होतच नाही. त्यासाठी त्याचे जनुक मुद्दाम बिघडवावे लागते. त्यामुळे आरंभ संशोधकाच्या हातात राहतो आणि आहाराचा परिणाम पुढच्या टप्प्यावर वेगळा काढून पाहता येतो. २०१८ मध्ये बोस्टनमधल्या पांडोल्फी यांच्या प्रयोगशाळेने पीटेन हे संरक्षक जनुक काढून टाकलेले उंदीर घेतले. या उंदरांत गाठी होतात, पण सहसा पसरत नाहीत. त्यांना डुकराच्या चरबीचा भरपूर आहार दिला, तेव्हा त्या पसरू लागल्या. पुढच्याच वर्षी दुसऱ्या एका गटाने मिक हे वाढीचे जनुक अतिरेकी झालेल्या उंदरांत दाखवले की संपृक्त चरबीचा आहार त्या जनुकाचा जोर आणखी वाढवतो, आणि आहार पालटून कमी चरबीचा केला की जोर ओसरतो. त्या गटाने माणसांच्या गाठीही तपासल्या. जास्त संपृक्त स्निग्धांश खाणाऱ्या रुग्णांच्या गाठींत मिकच्या हालचालीची तीच छाप होती, आणि ती छाप असलेल्यांत रोग पुढे जाण्याचे आणि मृत्यूचे प्रमाण अधिक होते. उंदीर आणि माणूस एकाच दिशेला बोट दाखवत आहेत, असे या विषयात क्वचितच घडते.

चरबी की एकूण उष्मांक, हा प्रश्न मात्र यातून पूर्ण सुटत नाही. चरबीने लठ्ठपणा येतो, लठ्ठपणाने इन्सुलिन वाढते, आणि तेही पेशींना वाढायला लावते. वर्ल्ड कॅन्सर रिसर्च फंडने २०१४ च्या अहवालात लठ्ठपणा आणि प्रगत प्रोस्टेट कर्करोग यांच्यातला संबंध भक्कम मानला. आहारातल्या स्निग्धांशाबद्दल तितके ठाम विधान केले नाही. माझ्या मते तो निवाडा त्या वेळच्या पुराव्याला धरून होता.

मग स्निग्धांशाचा प्रकार बदलून काय साधते? इथे गोंधळ सर्वांत मोठा आहे. ओमेगा-३ मेदाम्लांची जाहिरात कानांवर सतत पडत असते. २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ‘व्हायटल’ या २५,८७१ जणांच्या चाचणीत रोज एक ग्रॅम ओमेगा-३ घेऊन कर्करोग टळला नाही, प्रोस्टेटचाही नाही. त्याआधी २०१३ मध्ये तर रक्तात ओमेगा-३ जास्त असलेल्या पुरुषांत हा कर्करोग अधिक दिसल्याचे छापून आले. जवसाचा अनुभव याहून उद्बोधक आहे. जवसाच्या तेलात निम्म्याहून अधिक वाटा अल्फा-लिनोलेनिक आम्लाचा असतो, आणि काही पाहण्यांत हेच आम्ल प्रगत रोगाशी जोडले गेले होते. २००८ मध्ये ड्यूक विद्यापीठाच्या संशोधकांनी शस्त्रक्रियेची वाट पाहणाऱ्या १६१ रुग्णांना चार गटांत विभागले. एका गटाला रोज ३० ग्रॅम दळलेले जवस, दुसऱ्याला कमी स्निग्धांशाचा आहार, तिसऱ्याला दोन्ही आणि चौथ्याला काहीच नाही. शस्त्रक्रियेत काढलेल्या ग्रंथींत पेशींच्या विभाजनाचा वेग मोजला, तर जवस खाणाऱ्या दोन्ही गटांत तो कमी निघाला. नुसता स्निग्धांश कमी केलेल्यांत फरक पडला नाही. जवसात तंतू आणि लिग्नानही असतात, तेव्हा श्रेय कोणाला द्यायचे हे या प्रयोगावरून सांगता येत नाही. पण ‘तेल-तूप कमी करा’ हा सरसकट सल्ला किती भोंगळ आहे, ते त्यातून चांगले कळते.

हा सगळा पुरावा परदेशचा, आपल्याकडे काय? मुंबईची कर्करोग नोंदणी इंडियन कॅन्सर सोसायटीने १९६३ मध्ये सुरू केली. लोकसंख्येवर आधारलेली देशातली ती पहिली. सोलापूर जिल्ह्यातल्या बार्शीची ग्रामीण नोंदणी १९८७ पासूनची. मुंबईत प्रोस्टेटचा कर्करोग आता पुरुषांच्या प्रमुख कर्करोगांत गणला जातो. बार्शीत त्याचे प्रमाण बरेच कमी आहे. हे अंतर आहाराचे आहे, असे कोणी म्हणाले तर मी त्याला थांबवीन. मुंबईत यूरॉलॉजिस्ट आहेत, पीएसए आहे, बायॉप्सी आहे. शोधले की सापडते. मात्र एक बदल दोन्हीकडे घडतो आहे. शेंगदाणा, करडई, तीळ आणि जवस यांच्या घाण्याच्या तेलांवर चाललेला आपला स्वयंपाक पिशवीतल्या रिफाइंड तेलाकडे वळला आणि फरसाणाच्या, वड्याच्या कढया पामतेलाकडे. नीती आयोगाच्या २०२४ च्या अहवालानुसार देशात खाद्यतेलाचा दरडोई वापर वर्षाला १९.७ किलोंवर गेला आहे. पामतेलात सुमारे ४४ टक्के पामिटिक आम्ल असते. शेंगदाण्याच्या तेलात त्याचा लहानसाच अंश. कर्करोगपेशीतला सिन्थेज विकर स्वतः जे मेदाम्ल बनवतो, ते हेच. पामतेलाने प्रोस्टेटचा कर्करोग बळावतो, असे यावरून सिद्ध होत नाही. पण तपासून पाहावे इतकी ही शंका गंभीर नक्कीच आहे.

ती तपासायची कशी? तिशीतल्या हजारो पुरुषांना दोन प्रकारचे जेवण देऊन चाळीस वर्षे वाट पाहणे कोणालाच जमणार नाही. एक आडवाट अलीकडे उपलब्ध झाली आहे. सौम्य कर्करोग सापडलेल्या पुरुषांवर लगेच शस्त्रक्रिया न करता ठरावीक काळाने बायॉप्सी करून त्यांना देखरेखीखाली ठेवण्याची पद्धत आता पाश्चात्त्य देशांत रुळली आहे. सुप्त गाठ घातक होते का, हे जिवंत माणसात पाहण्याची ही एकमेव खिडकी. कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या लॉस एंजेलिस शाखेतील विल्यम अ‍ॅरनसन यांच्या गटाने अशा १०० पुरुषांवर केलेली चाचणी २०२४ च्या अखेरीस प्रसिद्ध झाली. एका गटाला वर्षभर ओमेगा-६ कमी, ओमेगा-३ जास्त असा आहार आणि माशाचे तेल. दुसऱ्याला नेहमीचे जेवण. पेशींच्या विभाजनाचा निर्देशांक पहिल्या गटात सुमारे १५ टक्क्यांनी उतरला आणि दुसऱ्यात सुमारे २४ टक्क्यांनी चढला. गाठीच्या श्रेणीत मात्र वर्षभरात फरक दिसला नाही. म्हणजे चाल मंदावल्याची खूण आहे, रोग थांबल्याचा पुरावा नाही. पामतेल आणि शेंगदाणा तेल, किंवा जेवणात जवस आणि बांगडा-तारली यांची भर, अशी तुलना मुंबईत शंभर-दोनशे रुग्णांवर करण्यात तांत्रिक अडचण कोणतीच नाही. अडचण रुग्ण मिळण्याची आहे. आपल्याकडचे पुष्कळ पुरुष कंबरदुखीची तक्रार घेऊन डॉक्टरकडे येतात तेव्हा रोग हाडांत पोचलेला असतो, आणि देखरेखीखाली ठेवता येईल इतक्या लवकर सापडणारे अजून थोडेच आहेत.